सुगीच्या दिवसांतील तितर



घटस्थापनेपर्यंत बाजरीची काढणी संपत आलेली असते, आणि दसऱ्याच्या सुमारास रब्बीच्या ज्वारीसाठी तिफणी चालू असतात. शिरूर आणि दौंड या तालुक्यांत राहणाऱ्यांना हे दिवस सांगायला नकोत. पहाटे दव पडते, दुपारी ऊन चटके देते, आणि गायरानावरचे गवत मांड्यांना लागते. अशा वेळी दिवस उगवता उगवता बांधावर उभे राहिलात, तर कुठून तरी एक तिखट, घाईघाईची हाक येते : 'का-तितर, का-तितर, का-तितर!' स्वतःचे नाव स्वतःच सांगणारी पाखरे आपल्याकडे थोडी. टिटवी आहे, पावशा आहे, आणि हा तितर आहे.

या तितराची पारध सुगीच्या दिवसांत इतकी अवघड का असे, हा आजचा विषय. ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पारध तर कायद्याने बंद आहे, मग तिची चर्चा कशाला? होय, बंद आहे, आणि ती बंदच राहावी असे माझेही मत आहे. मी आज कोणाला फासे मांडायला शिकवणार नाही. परंतु ही पारध ज्या विद्येच्या बळावर होत असे, ती विद्या जाणणारी माणसे अजून आपल्या गावांच्या कडेला राहतात. त्यांची मुले तुमच्या शाळेत येतात, किंवा यायला हवीत आणि येत नाहीत. म्हणून हा विषय.

प्रथम पाखराची ओळख करून घेऊ. तितर हा कोंबडीच्या गोत्रातला. मोर, लावा, रानकोंबडा, आणि तिकडे अमेरिकेतला टर्की हे सगळे त्याचे भाऊबंद. वजन पाव किलो किंवा थोडे अधिक. अंगावर मातकट तपकिरी रंग आणि त्यावर बारीक रेघांचे विणकाम, असे की तो ढेकळात बसला तर ढेकूळच वाटावा. नराच्या पायाला मागे काट्यासारखे टोकदार नख असते, आणि ते शोभेसाठी नसते. तितर दिवसभर जमिनीवर चरतो. किडे, वाळवी, गवताचे बी, सांडलेला दाणा हे त्याचे अन्न. रात्री बोरी-बाभळीसारख्या काटेरी झुडपावर चढून बसतो. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो पळणारा पक्षी आहे. पंख आहेत, पण ते निकराच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेले. अगदी पायाशी गेलात तर भर्रकन उडेल, छातीत धस्स होईल असा आवाज करील, थोड्या अंतरावर पुन्हा उतरेल आणि उतरल्याबरोबर धावत सुटेल. जिथे उतरताना दिसला तिथे जाऊन पाहावे तर तिथे तो नसतो.

आता सुगीतली अडचण बघा. चैत्र-वैशाखात तितराचा नर आपल्या हद्दीबद्दल फार हळवा झालेला असतो. दुसऱ्या नराची हाक आपल्या हद्दीत ऐकू आली की त्याचे डोके फिरते, तो भांडायलाच धावतो. पारधी लोक याचा उपयोग करीत. पाळलेला, बोलका तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. पिंजऱ्यातला बोलला की रानातला आलाच, आणि येताना त्याचे लक्ष पायांखाली नसे. ही झाली उन्हाळ्यातली पारध. ती त्या मानाने सोपी.

सुगीत हा डाव लंगडा पडतो. विणीचा हंगाम मागे पडलेला असतो, नराचा राग ओसरलेला असतो. आई, बाप आणि यंदाची पिल्ले असे पाच-सहा जणांचे कुटुंब एकत्र हिंडत असते. एक चरतो तेव्हा दुसरा मान वर करून उभा असतो. म्हणजे एका पाखराला फसवणे वेगळे आणि पाच-सहा जोड डोळ्यांना फसवणे वेगळे. पिंजऱ्यातल्या परक्या नराने कितीही साद घातली तरी कुटुंबातला बाप ती ऐकतो आणि आपल्या कामाला लागतो.

दुसरी अडचण सुबत्तेची. उन्हाळ्यात दाणा कुठे आणि पाणी कुठे हे ठरलेले असते, त्यामुळे पाखरू कुठे येणार हेही ठरलेले असते. पखुर्डीचेच उदाहरण घ्या. पखुर्डी म्हणजे भटतितर, कबुतराएवढा, टोकदार शेपटीचा माळावरचा पक्षी. उन्हाळ्यात पखुर्ड्यांचे थवे सकाळी नेमक्या वेळी नेमक्या पाणवठ्यावर उतरतात. नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांसाठी घेऊन जातो, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. उन्हाळ्यात पाणवठ्याशी दबा धरला की पखुर्डी येणारच. पण आश्विनात प्रत्येक खळग्यात पाणी असते. ज्वारी पेरलेल्या रानात दाणा सांडलेला, बाजरीच्या धसकटांत दाणा सांडलेला, गवताला बी धरलेले, किडे तर विचारूच नका. पाखराला कुठेच यावे लागत नाही. ज्याला कशाचीच गरज नाही त्याला पकडणार कसे? सावकारालाही हाच प्रश्न पडतो, बरे का.

तिसरी अडचण गवताची. आपल्याकडे वर्षाला पाऊस वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. पण जो पडतो त्यावर मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते जोमाने उठतात. या दिवसांत कुसळीची कुसळे पिकलेली असतात. धोतराला, लुगड्याला, मेंढराच्या लोकरीला ती अशी रुततात की दिवसभर वेचत बसावे. पाखराला हे गवत छप्पर, आणि माणसाच्या पायाला शत्रू. शिवाय वरून वाळू लागलेले गवत पावलागणिक बोलते. सहा इंच उंचीचे पाखरू तीन फूट गवतातून पळते आहे आणि तुम्ही पाच फूट उंचीवरून त्याला शोधता आहात, हे चित्र डोळ्यांपुढे आणा म्हणजे झाले.

मग या दिवसांत पारधी करीत काय? न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवर एका वृद्ध फासेपारधी गृहस्थांशी माझे पुष्कळ बोलणे झाले. लहानपणी वडिलांच्या मागे हिंडताना पाहिलेले ते सांगत होते. ते म्हणाले, "मास्तर, तितर उडतंय कवा? भ्यालं की. आन उडालं की गेलं. म्हनून त्याला भिववायचं न्हाई. नुसतं काळजीत पाडायचं." सबंध विद्येचे सार या एका बोलण्यात आहे.

काळजीत पाडायचे म्हणजे काय? पहाटे दव पडले की गवत भिजते. ओल्या गवतात पिसे भिजणे पाखराला आवडत नाही, म्हणून सूर्य वर आला की तितराचे कुटुंब गाडीवाटेवर, बांधावर किंवा उघड्या मुरमाड जागेवर येऊन अंग वाळवते. पारध्याने आदल्या संध्याकाळी धुळीतले माग पाहिलेले असत, कोणत्या बोरीवर पाखरे झोपायला चढली ते ऐकलेले असे. त्यामुळे सकाळी ती कोठून निघतील आणि कोठे येतील याचा त्याला अंदाज असे. वाटेवर, गवतातल्या पळवाटांच्या तोंडाशी तो फाशांची माळ मांडी. हरणासाठी फासा जाड तातीचा, पण पाखरासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसाचा, इतका बारीक की दवाच्या थेंबाशिवाय दिसू नये. फासे बारीक खुंट्यांना बांधलेले, खुंट्या जमिनीत ठोकलेल्या. मग माणसे लांबून वळसा घालून पाखरांच्या पाठीमागे जात. आरडाओरडा नाही, डबे वाजवणे नाही, धावणे नाही. गवत कापायला आल्यासारखे, आपापसांत हलके बोलत, थांबत, वाकत, पुन्हा दोन पावले पुढे. पाखरांना वाटे, माणसे आहेत, पण आपल्यासाठी नाहीत. तरी थोडे बाजूला सरलेले बरे. असे सरत सरत ती आपल्या नेहमीच्या वाटेने पुढे जात आणि फाशात पाय पडे.

काही वेळा कोणी पारधी शिकवलेला बैल पुढे घाली आणि त्याच्या आडून चाले. बैल चरत चालला आहे असे हरणाला वाटे. बैलाचे पाय सहा कसे, हे हरीण मोजत नाही.

आणि डाव फसला, कुटुंब उडून चहूकडे पांगले, तर? इथे खरी गंमत आहे. पांगलेले कुटुंब तसेच राहत नाही. थोड्या वेळाने एक हळूच हाक देतो, दुसरा उत्तर देतो, आणि सगळे पुन्हा एकत्र येऊ लागतात. ही हाक भांडणाची नसते. 'कुठे आहात रे?' अशी असते. पारधी तोंडाने हीच हाक काढी आणि मध्येच फासे मांडून स्वस्थ बसे. गृहस्थांनी मला ती काढून दाखवली. बाजूला धुणे धुणारी त्यांची सून हसली, आणि ओढ्यापलीकडून एका खऱ्या तितराने उत्तर दिले.

अमेरिकेतल्या टर्कीच्या शिकारीचे वर्णन वाचताना मला याच गोष्टीचे नवल वाटले. तिकडेही वसंतात नराला मादीची हाक काढून बोलावणे सोपे, आणि शरदात, टर्की कळपाने हिंडत असताना, काम बिकट. तिकडचे शिकारीही शरदात कळप पांगवतात आणि मग परत बोलावणारी हाक काढून वाट पाहत बसतात. सात समुद्रांपलीकडची माणसे, कधी एकमेकांचे तोंड न पाहिलेली, पाखराच्या स्वभावावरून एकाच युक्तीला पोहोचली. मात्र पुढची हकीकत दोन्हीकडे फार वेगळी झाली. तिकडे विसाव्या शतकाच्या आरंभी रानटर्की संपत आला होता. तेव्हा शिकारीवर कडक नियम आले, पाखरे पकडून रिकाम्या रानांत नेऊन सोडली गेली, आणि १९३७ साली शिकारीच्या बंदुकांवरचा कर वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी लावून देण्याचा कायदा झाला. आज तिकडे टर्कीची संख्या साठ लाखांच्या घरात आहे. तिकडे शिकाऱ्यालाच राखणदार केले. आपल्याकडे शिकाऱ्याचे काय केले, ते आता सांगतो.

घोडनदीला, म्हणजे आपल्या शिरूरला, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची छावणी होती. कोरेगावच्या लढाईला गेलेली पलटण १८१७ च्या ३१ डिसेंबरला याच छावणीतून निघाली. छावणीतल्या साहेबांना शिकारीचा मोठा षोक. शेजारच्या नगरच्या मुलुखात मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आढळते. माळढोक म्हणजे माणसाच्या कमरेच्या वर उंची जाणारा, नराचे वजन दहा-बारा किलोंपर्यंत भरणारा पक्षी, आणि त्याची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. वर्षाला एक अंडे, आणि एका माणसाच्या बंदुकीला नऊशे एकसष्ट पक्षी! या साहेबाला कोणी गुन्हेगार म्हटले नाही.

गुन्हेगार ठरले ते फासे मांडणारे. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. या कायद्यान्वये एखाद्या जमातीत जन्मणे हाच गुन्हा. पोलिसांकडे हजेरी, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, कित्येकांना तारेच्या कुंपणात वसाहतींत ठेवायचे. माळोमाळ हिंडून पारध करणाऱ्याला एका जागी बांधून घातले, आणि मग तो पोटासाठी काय करतो यावर पहारा ठेवला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली ३१ ऑगस्टला हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कागदावरचा शिक्का पुसला. गावाच्या तोंडातला पुसायला मात्र वेळ लागतो आहे.

आणि पारधी काय, दिसेल ते मारीत सुटले होते काय? इथे दोन विद्वानांचे काम सांगितले पाहिजे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या पारधीचा अभ्यास केला. आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातील वडापुरी येथे जमणारे तिरमल नंदीवाले हे मल्होत्रांच्या अभ्यासाचा विषय होते. त्यांना असे दिसून आले की एकाच माळावर हिंडणाऱ्या जमातींनी आपापसांत जणू वाटणी करून घेतली होती. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर अशी लहान जनावरे धरीत. फासेपारधी फाशांनी काळवीट आणि मोर, तितर, लावा ही पाखरे पकडीत. एकाने दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा नाही. शिवाय फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. फाशाचा हा एक गुण आहे. बंदुकीची गोळी सुटली की परत बोलावता येत नाही. फाशात सापडलेले जनावर जिवंत असते. ते हातात घेऊन बघता येते, आणि सोडता येते. सगळे पारधी सगळ्या काळी नियमाने वागले असे मी म्हणणार नाही. पुढे भूक वाढली, माळ कमी झाले, केसाच्या फाशाच्या जागी नायलॉनचा दोर आला, आणि तितराला ढाब्यावर गिऱ्हाईक मिळाले. परंतु आपल्या पोटाचा आधार उद्याही शिल्लक राहावा, ही अक्कल त्यांच्या रीतीत होती, एवढे खरे.

कायदे येत गेले. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना घेऊन शिकार करण्याची वाटही बंद झाली. हे योग्यच झाले. १९७९ साली सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य झाले. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली, आणि आपल्या सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारांसाठी १९९७ साली अभयारण्य झाले. रेहेकुरीत काळवीट आणि सुप्यात चिंकारा आज सहज दिसतात. माळढोक मात्र वाचला असे म्हणवत नाही. साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या माळावर एखादा दिसला तर त्याची बातमी होते.

फासे गेले तरी माळढोक का वाचला नाही? कारण माळच राहिला नाही. दौंड तालुक्यात मुठेच्या कालव्याचे पाणी आले, शिरूरला घोड आणि चासकमानचे आले, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. ज्यांनी दुष्काळ काढले त्यांना पाण्याची किंमत ठाऊक आहे. भीमेच्या काठाने ऊस उभा राहिला. रांजणगाव आणि कुरकुंभला कारखान्यांच्या वसाहती आल्या. उरलेल्या गायरानाला आपण 'पडीक' म्हणतो. त्यावर खड्डे खणून झाडे लावली की आपल्याला पुण्य लागल्यासारखे वाटते. पण माळावर गवत असणे म्हणजे तो पडीक असणे नव्हे. ज्या पाखराला उघडे गवताळ रान हवे, त्याच्या डोक्यावर झाडी आणून ठेवली तर ते राहणार कसे? गंमत अशी की उघड्या माळावरचे तितर कमी झाले, आणि उसाच्या आडोशाला बिबट्या येऊन राहिला. शिरूर तालुक्यातल्या आईबापांना आज संध्याकाळी पोरे अंगणात खेळू द्यायची भीती वाटते. रानातली उलथापालथ अशी घरापर्यंत येते.

या सगळ्यात ज्याला माळ ठाऊक होता त्याला कोणीच विचारले नाही. तो आज वीटभट्टीवर असतो, ऊसतोडीला जातो, शहराच्या सिग्नलवर उभा असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता मी तुमच्याकडे वळतो. एका गावच्या शाळेतली हकीकत आहे. गावाचे नाव सांगत नाही. कार्यालयातले घड्याळ नाहीसे झाले. पहिल्यांदा उभे केले ते चौथीतल्या पारध्याच्या मुलाला. दप्तर उपडे केले, घरी माणूस पाठवला. घड्याळ तिसऱ्या दिवशी कपाटामागे पडलेले सापडले. कोणी त्याच्या घरी जाऊन तसे सांगितले नाही, आणि तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. वर्षअखेरीस हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा पडला. त्याच्या आज्याच्या नावापुढे पोलिसाने हजेरी घेतली होती. त्याच्या नावापुढे आपण गैरहजेरी लिहिली.

आता दुसऱ्या एका शाळेची हकीकत. पाऊस उघडल्यावर मैदानाच्या कडेला चिखल वाळून वर माती धरली होती, आणि तीत पाखरांच्या पायांचे ठसे होते. बाईंनी मुलांना विचारले, हे कोणाचे? सगळे म्हणाले, कोंबड्यांचे. मागे उभा असलेला एक पारध्याचा मुलगा खाली बसला, ठशांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "बाई, कोंबडी न्हाई, तितर हाय. सहा हायती. चार औंदाची पिल्लं." कसे ओळखलेस? तर म्हणाला, मोठ्याचे पाऊल लांब पडते, पिल्लाचे जवळ जवळ पडते, आणि कोंबडी माती उकरून जाते तशी कुठे उकरलेली नाही. बाईंनी त्याच दिवशी त्याच्याकडून फळ्यावर चित्र काढून घेतले. त्या मुलाला अजून जोडाक्षरे नीट वाचता येत नव्हती. पण वाचणे म्हणजे काय, हे त्या दिवशी त्याने वर्गाला दाखवले.

मारुती चितमपल्लींनी जन्मभर रानात हिंडून 'पक्षिकोश' तयार केला. त्यांनी जागोजागी आदिवासींना, पारध्यांना पाखरांची नावे विचारली आणि ती आदराने लिहून ठेवली. पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात वर्षानुवर्षे काम केलेले व्यंकटेश माडगूळकर पूर्वी बंदूक घेऊन रानात जात, पुढे वही आणि पेन्सिल घेऊन जाऊ लागले. विदर्भात अकोला-वाशीमकडे कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' या संस्थेबरोबर फासेपारधी मंडळी तणमोराच्या आणि गवताळ रानांच्या राखणीचे काम करू लागली. तणमोर म्हणजे माळढोकाचा धाकटा भाऊ. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा. तो कुठे उतरतो हे ज्यांच्या वाडवडिलांना कळत होते, त्यांनाच तो राखता येतो, यात आश्चर्य नाही. असे काम भीमेकाठी का होऊ नये? वनखात्याला माळावरच्या पाखरांची गणती करायची असते, पंचायतीला गायरानाचे काय करायचे ते ठरवायचे असते. या दोन्ही वेळी गावातल्या फासेपारध्याला बोलावून खुर्चीवर बसवावे आणि त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी. माहिती फुकट मागू नये.

आणि ज्यांना आपल्या शाळेपुरते काही करून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी दसरा-दिवाळीच्या मधले दिवस चांगले. सहावी-सातवीची दहा-बारा मुले घ्या, अधिक नकोत. उजाडायच्या आधी गायरानाच्या कडेला, वारा तोंडावर येईल असे, बांधाला टेकून बसा. बोलायचे नाही. पहिली हाक कोणत्या दिशेने आली, किती वाजता आली, तिला उत्तर कोठून आले, एवढेच प्रत्येकाने लिहायचे. ऊन अंगावर आले की गाडीवाटेकडे नजर ठेवा. दवाने भिजलेले कुटुंब तिथे येईल. आले तर मोठी किती आणि लहान किती ते मोजा. पाठलाग करायचा नाही, अंडी-पिल्लांना हात लावायचा नाही. कायदाही तेच सांगतो. परत येताना ठसे दिसले तर त्यांच्याभोवती काडीने रेघ ओढा आणि चित्र काढून घ्या. गवताच्या प्रत्येक जातीची एक काडी आणा.

मग त्या काड्या घेऊन वस्तीवर जा. मुलाला पुढे करा, त्याच्या आजीला 'आजी, याला काय म्हणतात?' असे विचारू द्या. त्यांच्या आपसातल्या बोलीचे वळण गुजराथीकडचे आहे. तिच्यातले नाव वेगळे लिहा, मराठीतले वेगळे. मी त्या न्हावऱ्याकडच्या गृहस्थांकडून अशी काही नावे लिहून घेतली, तेव्हा त्यांतली काही मला कोणत्याच कोशात सापडली नाहीत. एका गवताबद्दल मी पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "याला नाव न्हाई, मास्तर. हे आलं की समजायचं, हितं दोन सालं कुणी नांगर घातला न्हाई." मी वहीत तेच वाक्य लिहून ठेवले आहे.